प्रीफॅब घर की ठेकेदाराचं बांधकाम? सांधे, पाणी आणि हप्ते

प्रीफॅब, म्हणजे फॅक्टरीत भाग तयार करून जागेवर बसवायची घरं देणाऱ्या कंपनीचं कोटेशन आणि ठेकेदाराचं एस्टिमेट शेजारी ठेवून चौरस फुटाचा दर ताडून बघितला, की फसगत तिथंच सुरू होते. दोन्ही कागदांत एकच घर नसतं. प्रीफॅबच्या दरात बहुतेकदा पाया, जोतं, सेप्टिक टँक, पाणी-विजेची जोडणी आणि क्रेनचं भाडं धरलेलंच नसतं. ठेकेदाराच्या दरात यातलं बरंच असतं, पण ‘एक्स्ट्रा’ची यादी काम अर्ध्यावर आल्यावर समोर येते. म्हणून पाया खोदण्यापासून दिवा लागेपर्यंतची एकच यादी तुम्ही स्वतः करा आणि दोघांकडून तिच्यावरच आकडे भरून घ्या.

प्रीफॅबमध्ये दोन प्रकार येतात. एकात भिंतींची पॅनेलं सुटी येतात आणि जागेवर जोडतात, दुसऱ्यात खोल्याच तयार होऊन ट्रेलरवरून येतात. दुसरा प्रकार घेणार असाल तर आधी रस्ता मोजा. बारा मीटर लांबीचा डबा शेवटच्या वळणावर वळतो का, वर विजेच्या तारा किती उंचीवर आहेत आणि क्रेनचे पाय रोवायला टणक जमीन आहे का, हे तिन्ही प्रश्न सुटत नसतील तर तो विषय तिथंच सोडा.

उष्णतेच्या बाबतीत पॅनेलवाल्यांचा दावा खरा आहे. ५० मिमीचं पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेनचा फोम) २३० मिमीच्या विटांच्या भिंतीपेक्षा उष्णता कितीतरी जास्त अडवतं, साधारण सातपट. पण विटांची भिंत दिवसभर ऊन पोटात साठवते आणि उशिरा सोडते, तसं पॅनेलला करता येत नाही. खिडकीतून ऊन आत आलं की पॅनेलचं घर लगेच तापतं. त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा आणि समोरासमोर खिडक्या पाहिजेतच. शिवाय पफ जळतं आणि त्याचा धूर विषारी असतो. स्वयंपाकघराच्या भिंतींना आम्ही रॉकवूलचं (दगडाच्या तंतूंच्या लोकरीचं) पॅनेलच सुचवू. ते उष्णता कमी अडवतं, पण पेट घेत नाही.

आता खरी मेख. फॅक्टरीत पॅनेल मिलिमीटरच्या हिशोबानं कापलेलं असतं आणि ते ज्या जोत्यावर बसायचं ते जोतं मात्र दुसऱ्याच कुणीतरी ओळंबा-दोरीनं केलेलं असतं. प्रीफॅब घरातल्या गळतीचं मूळ शोधायचं तर सुरुवात याच सांध्यापासून करावी. जोतं घरापेक्षा दोन इंच मोठं ठेवलं, तर भिंतीवरून ओघळलेलं पाणी त्या कडेवर थांबतं आणि खालच्या यू-चॅनेलखालून (पॅनेल ज्यात उभं राहतं त्या पत्र्याच्या पन्हाळीखालून) थेट आत शिरतं. सिलिकॉन कितीही भरा, एखाद-दोन उन्हाळ्यांत ते सुटतं. भिंतीचा बाहेरचा पत्रा जोत्याच्या कडेबाहेरून किमान २५ मिमी खाली लोंबला पाहिजे, म्हणजे पाणी बाहेर टपकेल. जोत्याचे दोन्ही कर्ण मोजा. फरक ५ मिमीपेक्षा जास्त असेल तर शेवटच्या कोपऱ्यात पॅनेल बसणार नाही. मग जोडणीवाले ती फट फोमनं बुजवतील आणि वर पट्टी मारतील. वरून काहीच दिसणार नाही.

गळतीची दुसरी जागा छपराची. सहा मीटरचा पत्रा तापमानातल्या ४० अंशांच्या फरकानं जवळपास ३ मिमी लांबतो-आखडतो, आणि हे रोज चालतं. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारावा, खोलगटात नाही, कारण पाणी खोलगटातूनच वाहतं. रबरी वॉशर नुसता दबला पाहिजे. कडेनं फुगून बाहेर आला तर स्क्रू जास्त आवळलाय, आणि तो वॉशर लवकर फाटणार.

वजनाचाही विचार करा. पॅनेलच्या भिंतीचं वजन चौरस मीटरला १० किलोच्या आसपास, तर विटांच्या भिंतीचं ४०० किलोच्या वर. भूकंपात हलकं घर चांगलंच, पण वादळात वारा ते उचलायला बघतो. म्हणून घर जोत्याला जखडणारे अँकर बोल्ट किती, किती खोल आणि किती अंतरावर, हे ड्रॉइंगवर लिहिलेलं मागा. गिझर आणि वरची कपाटं कुठं टांगणार तेही ऑर्डर देतानाच सांगा. तिथं आतून आधार घालावा लागतो, नंतर नुसत्या पत्र्यात स्क्रू धरत नाही.

ठेकेदाराकडे चूक दिसत नाही, गिलाव्याखाली जाते. सगळ्यात मोठी चूक पाण्याची. ५० किलोच्या सिमेंटच्या पोत्याला साधारण २५ लिटर पाणी पुरतं, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं. माल सरकत नाही म्हणून कुणी दहा लिटरची एक बादली जास्त ओतली, तर काँक्रीटची ताकद एक-तृतीयांशाच्या आसपास घटते. स्लॅबच्या दिवशी मिक्सरपाशी कोण उभं आहे, हे ठेकेदाराच्या नावापेक्षा महत्त्वाचं.

दुसरं म्हणजे कव्हर, सळईबाहेरचा काँक्रीटचा थर. सळईखाली खडीचा तुकडा सरकवून भागवतात, तो ओतताना निसटतो, सळई शटरिंगला टेकते आणि काही वर्षांनी गंज फुगून स्लॅबचे पोपडे पडतात. सळईखाली ठेवायचे ठरावीक जाडीचे कव्हर ब्लॉकच हवेत: स्लॅबला २०, बीमला २५, कॉलमला ४० आणि पायाला ५० मिमी. पाणी मारणं किमान ७ दिवस, फ्लाय ॲशवाल्या (कोळशाची राख मिसळलेल्या) सिमेंटला १० दिवस. कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवा, कारण उभ्या पृष्ठावर पाणी टिकत नाही. काँक्रीट ओतण्याआधी सळया आणि वायरिंगच्या पाइपांचे फोटो काढून ठेवा. पुढं भिंतीत भोक पाडताना तेच कामी येतात.

हप्त्यांत मात्र ठेकेदार बरा. जोतं, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांवर पैसे द्यायचे आणि काम बिघडलं तर हात आखडता घ्यायचा, ही सोय तुमच्या हाती राहते. प्रीफॅबमध्ये बहुतेक रक्कम माल निघण्याआधीच जाते. त्यामुळे माल फॅक्टरीतच तपासा: पत्र्याची जाडी, फोमची घनता (साधारण ४० किलो प्रति घनमीटर) आणि स्टीलच्या फ्रेमवरचं जस्त. निदान दहावा हिस्सा पाण्याच्या चाचणीपर्यंत रोखून धरा. चाचणीत पाइपानं पाणी खालच्या सांध्यापासून वर वर मारत जायचं, म्हणजे कुठला सांधा गळतो ते नेमकं कळतं. शिवाय दोन-तीन पॅनेलं जादा घ्या, कारण प्रत्येक कंपनीची पॅनेल जोडायची खाच वेगळी असते.

आमचं मत विचाराल तर जमीन सपाट, रस्ता रुंद, घर एकमजली आणि चौकोनी, वेळ थोडा, तर प्रीफॅब घ्या. उतार असेल, गल्ली अरुंद असेल किंवा पुढं वर मजला चढवायचा असेल, तर ठेकेदारच. प्रीफॅब ठरलंच तर करारात एक ओळ घालून घ्या: कंपनीच्या माणसानं जोतं प्रत्यक्ष मोजून सही करायची, आणि त्यानंतरच ट्रक निघायचा.