आवळा कँडी की संत्र्याच्या सालीचे काप?

साखरेत मुरवलेले फळ घरी तयार करून ओळखीपाळखीत आणि जवळपासच्या दुकानांत विकावे, असा विचार नागपुरात कोणी करू लागले की त्याच्यापुढे बहुधा दोनच वस्तू येतात: आवळा कँडी आणि संत्र्याच्या सालीचे गोड काप. मी दोन्ही केल्या आहेत. चार हिवाळ्यांपैकी पहिले दोन आवळ्याला दिले, पुढचे दोन सालीला. पाक कसा करावा, वाळवण कसे घालावे हे वाचकाला ठाऊक आहे असे धरतो. अन्न सुरक्षेची नोंदणी आणि पाकिटावरचा मजकूर दोन्हींना सारखाच लागतो, तेव्हा तोही भाग सोडून देतो.

आवळ्याची पहिली जमेची बाजू अशी की त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. तो पित्ताला बरा, मुलांना चालणारा, ‘क’ जीवनसत्त्वाचा, हे गिऱ्हाईकच आपल्याला सांगते. कामही तसे सुटसुटीत आहे. आवळे वाफवले की फोडी आपोआप सुटतात आणि बी बाजूला होते. साखर घालून ठेवलेल्या बरणीत पहिल्या दिवशी वर तरंगणाऱ्या फोडी तिसऱ्या दिवशी तळाला बसलेल्या दिसल्या की आत साखर शिरली असे समजावे. हे पाहण्यात मला आजही समाधान वाटते. बी सोडले तर काही वाया जात नाही आणि उरलेला पाक सरबताला उपयोगी पडतो. अडचण एवढीच की हेच सगळ्यांना सोपे वाटत असल्यामुळे बचत गटांच्या कोणत्याही प्रदर्शनात दर दोन-तीन टेबलांमागे आवळा कँडी मांडलेली असते, आणि भाव फारसा वाढवता येत नाही.

सालीचे काम मात्र चिकाटीचे आहे. आपल्या संत्र्याची साल सैल आणि पातळ असते, तिला पपनसासारखा आतला जाड पांढरा थर नसतो. त्यामुळे फळ सोलताना घाई केली तर हातात तुकडेच येतात. मी सुरीने वरून खाली चार चिरा देतो आणि मग साल उतरवतो. कडवटपणा जाण्यासाठी काप तीनदा उकळावे लागतात आणि प्रत्येक वेळी पाणी फेकून नवे घ्यावे लागते. पहिल्या वर्षी मी दोनदा उकळूनच थांबलो होतो. तो घाणा तोंडात टाकला की आधी गोड लागे आणि मग जिभेच्या मागे कडू रेंगाळत राही. एक किलो संत्र्यांमागे पाव किलोच्या आसपासच ओली साल मिळते, म्हणजे फळ खाणारी माणसे घरात हवीत किंवा शेजारी तरी हवेत. रसवाल्यांकडची साल फुकट मिळते, पण ती किती वेळ उघड्यावर पडली होती हे कळत नसल्याने मी ती घेत नाही. मेणाचा थर दिलेली चकचकीत फळेही टाळतो आणि शक्यतो बागायतदाराकडूनच थेट घेतो.

एवढे वाचून कोणीही आवळ्याकडेच वळेल, आणि मीही दोन वर्षे वळलो होतो. माझे मत बदलले ते आषाढात. डिसेंबरात केलेली कँडी मेपर्यंत सुटी आणि कोरडी होती. नागपूरच्या उन्हाळ्यात तिला काही होण्याचे कारणच नव्हते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुकानदाराने वीस पाकिटे परत आणून ठेवली. त्याने काही दोष दिला नाही, फक्त एक पाकीट उघडून माझ्यापुढे धरले. फोडींचा गच्च गोळा झाला होता, वरची पिठीसाखर पूर्ण विरघळली होती आणि पाकिटाच्या कोपऱ्यात तपकिरी पाणी सुटले होते. पुढच्या वर्षी मी दोन दिवस जास्त वाळवले, पिठीसाखर दुप्पट लावली, जाड पाकिटे आणली. गोळा थोडा उशिरा झाला, पण झालाच.

कारण नंतर लक्षात आले, आणि ते आपल्या स्वयंपाकघरातच होते. पाकात साखर जमू नये म्हणून आपण लिंबू पिळतो. आंबट पदार्थाबरोबर साखर उकळली की तिच्यातला काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत विभागला जातो, आणि फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढून घेते. आवळा तर स्वतःच आंबट. त्याचा पाक घट्ट करण्यासाठी तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा उकळला की हीच क्रिया आपण आपल्या हाताने वाढवत असतो. सालीत मुळातच आंबटपणा कमी आणि जो असतो तो तीन उकळ्यांच्या पाण्याबरोबर निघून जातो. म्हणून काचेसारखे पारदर्शक झालेले काप दाणेदार साखरेत घोळवले की त्यांवर कोरडे कवच बसते. गेल्या पावसाळ्यात ऑगस्टमध्ये उघडलेल्या पाकिटातले काप हलवले तर एकमेकांवर वाजत होते. माझ्याकडे मोजण्याचे साधन नाही, पण हा आवाज मला पुरेसा वाटला. उलट हे काप जास्तच कोरडे होऊन दाताला कडक लागण्याची भीती असते; त्यावर पाक उतरवण्याआधी लिंबाचे चार-पाच थेंब टाकणे हा उपाय मला लागू पडला आहे.

हंगामाचाही थोडा फायदा आहे. आवळा हिवाळ्यातच आटोपतो आणि डिसेंबरचे ऊन कोवळे असते. संत्र्याला आंबिया आणि मृग असे दोन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे दोन हंगाम, असल्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा साल मिळते, आणि तेव्हाची हवा वाळवणाला उत्तम असते.

ज्यांना एकाच हंगामात माल काढून मोकळे व्हायचे आहे आणि मार्चपुढे काही शिल्लक ठेवायचे नाही, त्यांना आवळा अधिक सोयीचा पडेल, हे मी मान्य करतो. साल विकायला वेळ लागतो. फेकायची वस्तू विकत का घ्यावी, हा प्रश्न मला तोंडावर विचारला गेला आहे. म्हणून प्रत्येकाच्या हातावर आधी एक काप ठेवावा लागतो. पाकिटावर ‘संत्रा साल’ असे लिहिले होते तेव्हा लोक वाचून पुढे जात. ‘संत्रा काप’ केल्यापासून ती हातात घेऊन पाहिली जातात. डिसेंबरात केक करणारे बारीक तुकडे मागतात, आणि नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असल्याने बाहेरगावी जाणारे भेट म्हणूनही नेतात. यंदा विक्रीसाठी मी फक्त सालच घेणार आहे. आवळे दोन किलो आणले आहेत, ते घरच्या बरणीपुरते.