डेव्हिड ससून ग्रंथालय: वाचकाला पुरेल एवढेच सुख

मुंबईच्या काळा घोडा भागात जहांगीर कलादालनासमोर उभी असलेली, मालाडच्या पिवळसर दगडातली डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत १८७० साली पूर्ण झाली. संस्था मात्र त्याहून जुनी, सरकारी टांकसाळ आणि गोदीतल्या तरुण यांत्रिकांनी १८४७ मध्ये सुरू केलेली. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्यांनी वाचनासाठी उभारलेल्या या संस्थेत आजही वाचकाच्या देहाला जेवढे सुख लागते तेवढेच मिळते, आणि हाच मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

सज्जातल्या लांब हातांच्या लाकडी आरामखुर्च्या प्रसिद्ध आहेत आणि ती प्रसिद्धी सार्थ आहे. त्यांच्यावर जाड गाद्या नाहीत; पाठीचा कल मात्र असा साधला आहे की मान न अवघडता पुस्तक डोळ्यांसमोर राहते आणि बराच वेळ कूस बदलावीशी वाटत नाही. उपनगरांतल्या कॅफेंमध्ये मऊ सोफे असतात, गार हवा असते, हवे ते खायलाही मिळते. पण सोफ्यात रुतलेला माणूस थोड्याच वेळात पुस्तक मांडीवर उपडे ठेवून फोन हातात घेतो, हे मी वारंवार पाहिले आहे. अंगाला सैल सोडणारा आराम आणि मनाला एका जागी बसू देणारा आराम यांतला फरक या सज्जात नीट कळतो, आणि दुसऱ्या प्रकारच्या आरामासाठी साधेपणा लागतोच, अशी माझी खात्री झाली आहे.

महात्मा गांधी मार्गावरचे हॉर्न सज्जात सतत ऐकू येतात आणि मे महिन्यात घामही चुकत नाही. ज्यांना अधिक शांतता हवी त्यांनी मागच्या बागेत बसावे. टिपणे काढायची असतील तर आतले टेबलच बरे, कारण आरामखुर्चीत लिहिताना मनगट अधांतरी राहते.

२०२३ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात, मधल्या काळात घातलेला काँक्रीटचा सपाट स्लॅब काढून मूळच्या धर्तीचे उतरते छप्पर परत आणले, त्यामुळे वाचनदालनाला त्याची उंची पुन्हा मिळाली. हे काम अत्यंत समजूतदारपणे झाले आहे.

फोर्टात नोकरी करणाऱ्या आणि संध्याकाळची लोकलची गर्दी टाळू पाहणाऱ्या वाचकांनी सभासदत्व जरूर घ्यावे. परीक्षेसाठी दिवसभराची बैठक हवी असलेल्यांनी मात्र आधी जागा पाहून यावे.