रियाजासाठी म्युझिक प्लेअर: चार वर्षांत तीन घेतले, त्यातला कामाचा कोणता

आमच्या क्लासला एक मुलगी येते, नववीतली, हात एकदम साफ. मागच्या उन्हाळ्यात तिला समोर बसवून मी पेटीवर चंद्रकंस रागाचा नगमा, म्हणजे तालाबरोबर परत परत फिरणारी धून, धरला आणि तीनताल वाजवायला सांगितला, तर दर आवर्तनाला, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीला, सोळावी मात्रा संपली की ती किंचित थांबायची आणि मग धा द्यायची. प्रत्येक वेळी. आधी वाटलं घाबरली असेल, पण नाही, बाकी पंधरा मात्रा घड्याळासारख्या आणि फक्त समेच्या, म्हणजे पहिल्या मात्रेच्या, अलीकडे खड्डा. घरी रियाज कशावर करते विचारलं तर तिने दप्तरातून मीच दिलेला छोटा प्लेअर काढला, त्यात मीच भरून दिलेली एका आवर्तनाची एमपीथ्री फाइल, रिपीटवर लावलेली. कानाला लावून ऐकलं आणि पोटात गोळाच आला. फाइल संपून परत सुरू व्हायला तो प्लेअर जवळजवळ पाव सेकंद घेत होता. पोरगी सात-आठ महिने रोज त्या खड्ड्यासकट ताल शिकली होती.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागेच लागलो, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय. मी अमळनेरला असतो, तबला वाजवतो, शिकवतो. भजन, कीर्तन, शाळांचं गॅदरिंग, जळगावच्या कथक क्लासचे कार्यक्रम, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई (आमच्या खान्देशातला देवीचा उत्सव), जे काम येईल ते. कोणता प्लेअर घ्यावा असं कोणालाही विचारलं की लोक आवाजावरच बोलतात, बेस कसा, ट्रेबल कसा, हाय-रेझ आहे का. आपण वाजवणाऱ्या लोकांचं तसं नसतं हो. आपल्याला तो हत्यार म्हणून पाहिजे असतो, हातोडीसारखा.

आधी तो खड्डा का पडतो ते सांगतो, कारण दुकानात हे कोणीच सांगत नाही. एमपीथ्रीत आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत बांधलेला असतो, एका तुकड्यात ११५२ सॅम्पल, म्हणजे आवाजाची ११५२ मोजमापं. सीडीच्या हिशोबाने सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरले तर एक तुकडा २६ मिलिसेकंदांचा. तुमचा नगमा बरोबर तुकड्याच्या काठावर कशाला संपेल, मग उरलेली जागा शांततेने भरली जाते, शिवाय फाइल बनवताना सुरुवातीलाही थोडी शांतता घुसते. वरून स्वस्तातला प्लेअर फाइल बंद करून परत उघडायला वेळ घेतो तो वेगळाच. गाणं ऐकणाऱ्याला काहीच कळणार नाही. पण मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे पाव सेकंदाचा खड्डा हा अर्धी मात्रा झाला. अर्ध्या मात्रेत चौपटीचे, म्हणजे मात्रेला चार या वेगाचे, दोन बोल बसतात!

वेव्ह आणि फ्लॅक फाइलीत ही भर पडत नाही. फ्लॅक म्हणजे वेव्हचाच आवाज, काहीही न कापता घडी घालून ठेवलेला, साइज साधारण निम्मी होते. वेव्हला मिनिटाला १० एमबी लागतात, फ्लॅकला पाच-सहा. तरी प्लेअरचा स्वतःचा वेळ राहतोच, म्हणून मी आता नगमा एका आवर्तनाचा ठेवतच नाही. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एक आवर्तन नेमकं कापून पुढे पुढे जोडत जायचं. १२० च्या लयीत तीनतालाचं आवर्तन आठ सेकंदांचं, २२५ वेळा जोडलं की अर्धा तास झाला. फ्लॅकमध्ये दीडशे एमबीच्या आसपास जाते ती फाइल. अर्ध्या तासात एकदा खड्डा आला तर येऊ दे, तेवढ्यात पाणी पिऊन होतं.

आता प्लेअर. पहिला घेतला तो जळगावातल्या एका दुकानातून, बाराशे रुपयांचा, नाव सांगत नाही. खोक्यावर ६४ जीबी लिहिलेलं. आनंदाने सगळं भरलं, गुरुजींच्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेले तबल्याचे कायदे, पेशकार, बंदिशी, सगळं. सात-साडेसात जीबीनंतर भरलेल्या फाइली नावाने दिसायच्या पण वाजायच्याच नाहीत, काही मधेच किरकिर करून बंद. आतली चिप आठचीच होती, फक्त आकडा ६४ दाखवायची. दुकानदार म्हणाला कार्ड टाकून घ्या भाऊ. मेमरी कार्डातसुद्धा हे चालतं, म्हणून नवीन कार्ड आणलं की एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने ते पूर्ण भरून तपासतो आणि मगच त्यात काही टाकतो. त्याच प्लेअरची बॅटरी पुढच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहून फुगली. आपल्याकडे मे म्हणजे काय असतो ते जळगाव-भुसावळवाल्यांना सांगायला नको, ४४-४५ बाहेर, डिकीत तर विचारूच नका. प्लेअर असो की फोन, उन्हातल्या गाडीत ठेवू नका आणि तापलेला असताना चार्जिंगला लावू नका. विद्यार्थिनीला दिलेला तो याच जातीचा दुसरा होता, त्याच दुकानातला.

मग सगळे म्हणाले फोन वापर की. वापरला, दोन महिने. फोनवर तानपुरा, नगम्याची छान ॲप्स आहेत, सूर बदलता येतो, लय बदलता येते, घरी बसून रियाजाला मी आजही वापरतो. पण तबला वाजवणाऱ्याच्या बोटांना पावडर असते आणि घाम असतो, त्या बोटांनी स्क्रीन ऐकत नाही. लय दोनने वाढवायची तर तबला सोडा, हात पुसा, चष्मा लावा, तेवढ्यात लागलेला हात थंड. दुसरं म्हणजे कार्यक्रमात साउंड सिस्टिमला फोन जोडला आणि कोणाचा कॉल आला तर पूर्ण मांडवाला ऐकू जातो. हे माझ्या डोळ्यांदेखत एका गॅदरिंगला झालं, पोरी स्टेजवर हात वर करून उभ्या आणि स्पीकरवर रिंगटोन. एक छोटी तिथेच रडायला लागली. एअरप्लेन मोड सगळ्यांना माहिती असतो पण त्या गडबडीत आठवत नाही.

एक मित्र सोनीचा वॉकमन वापरतो, एनडब्ल्यू-ए३०६. पंचवीस हजारांच्या आसपास किंमत, आत अँड्रॉइड, ३२ जीबी आणि कार्डाची जागा, अंगावर १९७९ च्या कॅसेटवाल्या वॉकमनचंच नाव. त्याच्याकडे बसून मी एक जुनी विलंबित एकतालाची मैफल ऐकली आणि खरं सांगतो, डग्ग्याची मींड अशी ऐकली की हात नकळत मांडीवर चालायला लागला. ऐकण्यासाठी, कान तयार करण्यासाठी पैसे असतील तर जरूर घ्या. बाजूला बटणं आहेत, गाणं पुढे-मागे करायला, आवाजाला. पण मला लागतं ते लय आणि सूर वेगवेगळे हलवणं, त्यासाठी त्यातही ॲप टाकून स्क्रीनवरच जावं लागणार. मग माझ्या कामापुरता तो फोनच झाला ना.

शेवटी कामाला आला तो सगळ्यात लहान. सॅनडिस्कचा सॅन्सा क्लिप झिप, २०११ चा मॉडेल, आता बनत नाही, मला एका गिटारवाल्या दोस्ताकडून अठराशेला मिळाला. काडेपेटीएवढा आहे. भजनी मंडळातल्या एका आजोबांनी हातात घेऊन उलटासुलटा करून विचारलं, "हाई काय शे रे भो, माचिस शे का?" मागे चिमटा आहे, कुडत्याच्या खिशाला लावला की विसरून जायचं. समोर चार दिशांचं बटण, न बघता अंगठ्याने कळतं. हेडफोनचं ३.५ चं भोक आहे, कार्ड बसतं. ब्लूटूथ नाही, सिमचा तर प्रश्नच नाही, म्हणजे मधे बोलणारं कोणी नाही.

पण खरी गंमत त्यात रॉकबॉक्स टाकल्यावर. रॉकबॉक्स हे प्लेअरचं फुकटचं दुसरं सॉफ्टवेअर, २००१ पासून जगभरातले हौशी लोक मिळून बनवतायत, काही जुने आयपॉड, सॅन्साचे बरेच मॉडेल, असल्या प्लेअरवर चालतं. कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर जात नाही, माझ्या क्लिप झिपवर डावं बटण दाबून चालू केला की जुनंच येतं, त्यामुळे भीती नको. सेटिंगमध्ये टाइमस्ट्रेच चालू करायचं, एकदा बंद करून परत सुरू करायचं, मग पिच स्क्रीनवर सूर तोच ठेवून लय कमी-जास्त करता येते आणि लय तीच ठेवून सूर अर्ध्या अर्ध्या सुराने वर-खाली. समजा नगमा काळी एकमधला आहे (पेटीच्या पट्ट्यांवरून सुरांना ही नावं) आणि आज पांढरी दोनच्या गवयाबरोबर तालीम आहे, तर एक पायरी वर, झालं. लहानपणी टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की लय आणि सूर दोन्ही सोबतच खाली बसायचे आणि आम्ही तबला उतरवत बसायचो, त्या माणसाला याची किंमत विचारा.

ए-बी रिपीट पण आहे. तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) जिथून उठते तिथे ए, सम पडली की बी, मग तेवढाच तुकडा फिरत राहतो. अमळनेर ते जळगाव रेल्वेने जाताना मी असंच एक चक्रदार, म्हणजे तिहाईसकट तीनदा येणारा तुकडा, ७० टक्के लयीत ऐकत मांडीवर बसवलं, धरणगाव गेलं कधी कळलं नाही. एक मात्र सांगतो, लय फार खाली नेली, साठ टक्क्यांच्या खाली वगैरे, की तबल्याचा प्रत्येक ठोका दुहेरी ऐकू यायला लागतो, ति चा तित् होतो. हे कुठल्याही ॲपमध्ये कमी-जास्त होतंच, आवाज ताणायची पद्धतच तशी आहे. बासरी, गाणं यांना तेवढं जाणवत नाही, आपल्या ठोक्याच्या वाद्याला लगेच जाणवतं. म्हणून ७०-७५ च्या खाली जाऊ नका, त्यापेक्षा संथ पाहिजे तर तोंडाने बोल म्हणा.

नवीन घ्यायचा असेल आणि जुना शोधायला वेळ नसेल तर माझा सल्ला जरा वेगळा आहे, प्लेअर न घेता व्हॉइस रेकॉर्डर घ्या. माझ्याकडे सोनीचा आयसीडी-यूएक्स५७० आहे, गुरुजींकडे जाताना तोच नेतो. एमपीथ्री, वेव्ह वाजवतो, वेग पाव पट ते तिप्पट करता येतो, ए-बी रिपीट आहे, आत ४ जीबी आणि वरून कार्ड, यूएसबीची पिन अंगातूनच बाहेर निघते म्हणजे वायर शोधायला नको. सूर बदलायची सोय मात्र रॉकबॉक्समध्येच. आणि त्यात स्वतःचा रियाज रेकॉर्ड होतो ना, ही गोष्ट कुठल्याच भारी प्लेअरमध्ये मला एवढी उपयोगाची वाटली नाही. त्या मुलीला मी तिचंच रेकॉर्डिंग ऐकवलं तेव्हा तिला तो खड्डा कळला, माझ्या सांगण्याने कळला नव्हता.

ब्लूटूथबद्दल सारखं विचारतात म्हणून. साध्या ब्लूटूथ स्पीकरला आवाज एक ते दोन दशांश सेकंद उशिरा पोचतो. नगम्याबरोबर वाजवताना याने बिघडत नाही, कारण जे ऐकू येतंय त्याच्याबरोबरच आपण वाजवतो. बिघडतं ते नाचाच्या कार्यक्रमात, तुम्ही बटण दाबलं आणि आवाज आला यात फरक पडतो, आणि बरेच स्पीकर शांतता असली की झोपतात आणि जागे होताना पहिली सम खाऊन टाकतात. वायरच वापरा. साउंडवाल्याकडे ३.५ चं भोक नसतं, त्याला लागते पी-३८, म्हणजे मोठी जाड पिन, तेव्हा ३.५ ते पी-३८ ची वायर स्वतःची पिशवीत ठेवा, जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये सहज मिळते. आणि प्लेअरचा आवाज पूर्ण न ठेवता पाऊणपट ठेवा, उरलेला त्याला मिक्सरवर वाढवू द्या, फाटत नाही.

नाचाच्या कार्यक्रमासाठी मी एक करतो, फाइल बनवताना डाव्या बाजूला फक्त टिकटिक आणि उजव्या बाजूला संगीत. उजवी बाजू साउंडला, डावी माझ्या एका कानात. लोकांना गाणं ऐकू येतं, मला लय. यासाठी दोन बाजू वेगळ्या करणारी वायर लागते, ती मी आमच्या इथल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून शंभर रुपयांत करून घेतली.

दुकानात जाताना स्वतःचं कार्ड न्या, त्यात तीन फाइली ठेवा, एका आवर्तनाचा नगमा एमपीथ्रीत, तोच फ्लॅकमध्ये, आणि एक सोलो तबला. पहिल्या दोन रिपीटवर लावून समेला हाताने टाळी द्या, प्लेअर टाळीच्या मागे पडतो का बघा. तिसरीत तबल्याची चाट (काठावरचा आवाज) आणि डग्ग्याचा घुमारा दोन्ही येतात का ते ऐका. मग डोळे मिटून चालू करा, थांबवा, मागे घ्या. हे जमत नसेल तर परत द्या, कितीही भारी असू दे. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ हे आकडे ऐकून भुलू नका, रियाजाला सीडीचे १६ बिट आणि ४४.१ भरपूर होतात.

मुलीला आता माझा क्लिप झिप दिलाय, मी रेकॉर्डरवर भागवतो. सम अजून पंधरा आवर्तनांत एखादवेळी मागे सरकते, पण यंदा कानबाईला ढोलकीवर तिलाच बसवणार आहे, तिच्या आजीनेही हो म्हटलंय.

नगम्याच्या अर्ध्या तासाच्या फाइली तीनताल, झपताल, एकताल, रूपक अशा बनवून ठेवल्यात, काळी एक आणि पांढरी पाच दोन्हींत. कोणाला पाहिजे असतील तर या घेऊन जा, फक्त कार्ड ३२ जीबीचं आणि एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून आणा, जुने प्लेअर दुसरं काही वाचत नाहीत.