आयुष्मान कार्ड अन् शुगरच्या पट्ट्या : 8 महिन्यांचा अनुभव

मायला 11 वर्षांपासून शुगर, इन्सुलिन दोन टाइम. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात खेड्यावर राहतो, कोरडवाहू शेती. कार्ड काढलं तेव्हा वाटलं 5 लाखांचं कव्हर आहे म्हणजे घरी शुगर पाहायच्या मशीनच्या पट्ट्या तर अशाच येतील. तसं नसते भाऊ.

ऑगस्टात निंदताना मायच्या पायात काटा रुतला, जखम चिघळली, भरती करावं लागलं. तिथं कार्ड एक नंबर चाललं. दवाखान्यात योजनेचा माणूस असतो, आरोग्यमित्र, त्याने कागद पाहिले, मंजुरी आली, ऑपरेशन, ड्रेसिंग, दिवसातून चारदा शुगर, सगळं पॅकेजमध्ये, सुट्टीनंतर 15 दिवसांची औषधं पण. आमचा खर्च फक्त एसटी अन् डब्याचा. निघताना पट्ट्यांचं विचारलं तर म्हणे दादा, योजना भरती पेशंटची आहे, घरची तपासणी बसत नाही. म्हणजे पाय सडला तर पैसे मंजूर, सडू नये म्हणून लागणारी 20 रुपयांची पट्टी आपल्या खिशातून!

उपकेंद्रात 30 वर्षांवरच्यांची शुगर फुकट पाहतात, आशाताई घरी येऊन बोलावते, गोळ्या पण मिळतात. पण उपकेंद्र उघडेपर्यंत माय चहा पिऊन मोकळी, उपाशीपोटीची शुगर कुठून येणार? अन् पट्ट्या कधी असतात, कधी संपलेल्या.

म्हणून आता आम्ही सोमवार-गुरुवार घरीच करतो. 50 पट्ट्यांचा डबा घेऊ नका, आमच्या डब्यावर उघडल्यावर 3 महिन्यांत संपवा असं लिहिलं आहे, 25 चा बरोबर पुरतो, पाचशेच्या आसपास पडतो. कापूस वेचणीत तिची बोटं बोंडाच्या टोकांनी फाटलेली असतात, तर टोकाला न टोचता बाजूला टोचायचं. हात धुतल्याशिवाय तर नाहीच. संक्रांतीला 310 आली, मी घाबरलो, मग बोटाला तिळगुळाचा चिकटा दिसला, धुऊन केली तर 182.

पट्ट्यांचा डबा उन्हापासून जपा. पहिले माठाजवळ ठेवत होतो, तिथं ओल असते, आता आतल्या खोलीत धान्याच्या कोठीमागे ठेवतो. मशीन मात्र टिनाखालच्या फळीवरच राह्यलं. काल दुपारी मायला घाम सुटला, हात थरथरायला लागले, शुगर उतरली वाटून साखरपाणी पाजलं अन् मशीन लावलं तर आकडाच नाही, नुसता एरर. पडल्या पडल्या माय म्हणते, "त्यालेबी ऊन लागलं वाटते."