कुंपणाला वाड्याचं सागवान की पॅलेटच्या फळ्या?

घरामागे चार वाफे भाजी लावली, की पुण्यात सगळ्यांत आधी हजेरी लावते ती घूस. रताळी कुरतडते ते वेगळंच, वाफ्याखाली बीळ करून रोपंच्या रोपं उलथवते. वरून भटकी कुत्री. कुंपण जुन्या लाकडाचं करायचं तर दोनच गोष्टी सहज मिळतात: पेठेत पाडलेल्या वाड्याचं सागवान, नाहीतर चाकण-भोसरीकडच्या कारखान्यांतून निघालेली पॅलेट, म्हणजे माल रचून ठेवायच्या लाकडी चौकटी.

टिकण्यात बरोबरीच नाही. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. पॅलेट बहुधा पाइनचं, मातीत पुरलं की कुजलंच. माझे पॅलेटचे खांब दुसऱ्याच पावसाळ्यात जमिनीलगत मोडून हातात आले. वर ठणठणीत कोरडे, खाली चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे. सागातही फसगत होते मात्र. तुळईच्या कडेचा फिकट पट्टा वाळवी आवडीने खाते, म्हणून कापलेलं टोक बघूनच घ्या.

कामाचा ताप दोन्हीकडे आहे. वाड्याच्या तुळईत जुने खिळे रुतलेले असतात. पातं जाईल म्हणून वखारवाला चिरायला नाखूश असतो. आधी लोहचुंबक फिरवून खिळे काढून न्या. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, त्यामुळे वाफ्याजवळ घासकाम नको. पॅलेटचे खिळे पिळाचे, उपटायला गेलं की फळीच फाटते. फळी आणि ठोकळ्याच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून खिळाच कापलेला बरा.

पॅलेटवरचा शिक्काही वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं तापवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते भाजीजवळ नको. पण तापवल्याने आतली कीड मरते इतकंच, पुढे वाळवी लागायची थांबत नाही. दुकानदार हे सांगत नाही. रेल्वेच्या रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर स्वस्तात मिळाले तरी त्यांत मुरवलेल्या क्रिओसोट या विषारी डांबरी तेलामुळे नकोतच.

पैशांत पॅलेट जिंकतं. साग घनफुटावर मोजला जातो आणि जुना म्हणून स्वस्त असेल ही आशा सोडा.

आता खरी गोष्ट. घुशीला साग काय नि पाइन काय! ती खालून येते. तिला अडवते अर्ध्या इंची भोकांची गॅल्वनाइज्ड वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली जाळी: फूटभर जमिनीत आणि तळाशी बाहेरच्या बाजूला आणखी फूटभर आडवी वळवलेली. चिकनमेशची तार बारीक असते, घूस ती कुरतडते. म्हणून लाकडातले पैसे वाचवून जाळीत घाला.

माझं मत: खांब सागाचे, फळ्या पॅलेटच्या, त्याही जमिनीपासून तीन बोटं वर. सुतार जळकं ऑइल फासायला सांगेल. भाजी खायची असेल तर जवसाचं तेल लावा. भाड्याचं घर असेल तर साग विसरा, लोखंडी अँगलला पॅलेटच्या फळ्या ठोका. टेकडीलगत माकडं येत असतील तर दोन्ही फुकट.

आणि फाटक. सगळीकडे जाळी पुरून आम्ही फाटकाखाली मूठभर फट ठेवली होती. घूस आठवडाभर तिथूनच, अगदी पाहुण्यासारखी, येत-जात होती. आता तिथे कडप्प्याचा उंबरा आहे.