एसीच्या बाहेरच्या पंख्याची मोटर आणि गणपती पेठेतील एक दुकान

सांगलीच्या विश्रामबागेतील आमच्या घरी दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट एसी आठ वर्षांपासून आहे. यंदा एप्रिलच्या अखेरीस त्याच्या बाहेरच्या युनिटमधील पंखा बंद पडला. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असल्यामुळे मी घाईने जो मेकॅनिक मिळाला त्याला बोलावले. त्याने ‘दीड टनाची युनिव्हर्सल मोटर’ बसवून २,२०० रुपये घेतले. त्यानंतर खोली वीस मिनिटे गार होई आणि मग कॉम्प्रेसर बंद पडे. त्याला पुन्हा विचारले, तेव्हा गॅस भरावा लागेल असे उत्तर मिळाले.

गॅसवर आणखी पैसे घालण्याआधी मी काढलेली जुनी मोटर पिशवीत घालून गणपती पेठेतील एसी आणि फ्रिजच्या सुट्या भागांच्या एका जुन्या दुकानात गेले. मालकांनी पहिला प्रश्न विचारला, “ताई, बाहेरच्या युनिटसमोर उभं राहिल्यावर वारा अंगावर येतो का?” मला सांगता येईना. घरी फोन करून मुलाला वर्तमानपत्राची पट्टी जाळीसमोर धरायला लावली, तर ती उडण्याऐवजी जाळीला चिकटली. पंखा उलटा फिरत होता. मागच्या कॉइलमधून हवा ओढून पुढे फेकणे हे त्याचे काम. तो उलट दिशेने रेटू लागला की पात्यांचा आकार त्याला साथ देत नाही, हवा कमी पडते, कॉइलची उष्णता बाहेर जात नाही आणि कॉम्प्रेसर तापून त्याचा ओव्हरलोड, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच, तुटतो. गॅसचा त्यात काही संबंध नव्हता.

“टनावर मोटर ठरत नसते,” असे म्हणत त्यांनी जुन्या मोटरची काजळलेली पाटी ओल्या फडक्याने पुसली आणि एकेक आकडा वहीत उतरवला. वॉट, ध्रुवांची (मोटरमधील चुंबकीय पोलची) संख्या आणि कॅपॅसिटरचे, म्हणजे वीज साठवून मोटर सुरू व्हायला मदत करणाऱ्या भागाचे, मायक्रोफॅरड (त्याची क्षमता) पाटीवर होते. शाफ्टची जाडी आणि लांबी त्यांनी व्हर्नियरने मोजली, शाफ्टचा चपटा भाग आणि पायांच्या भोकांमधील अंतरही तपासले. फिरण्याची दिशा मात्र पाटीवर असूनही त्यांनी मला पुन्हा विचारली, कारण काही कंपन्या ती शाफ्टच्या बाजूने पाहून लिहितात, तर काही वायरींच्या बाजूने.

ध्रुवांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. आपल्याकडील ५० हर्ट्‌झच्या विजेवर सहा ध्रुवांच्या मोटरचा समकालिक वेग, म्हणजे विजेच्या हर्ट्‌झवरून ठरणारा वेग, मिनिटाला १,००० फेरे असतो आणि चार ध्रुवांचा १,५००. प्रत्यक्षातील वेग त्याहून थोडा कमी भरतो. वेग दीडपट झाला की तेच पाते फिरवण्यासाठी तिपटीहून अधिक शक्ती लागते, म्हणून सहा ध्रुवांच्या जागी चार ध्रुवांची मोटर बसवली तर ती जास्त हवा देण्याऐवजी जळण्याचाच संभव अधिक. कॅपॅसिटरचेही तसेच आहे: मायक्रोफॅरड पाटीवरचेच हवेत, व्होल्टेज जास्त असलेले चालते, पण कमी असलेले चालत नाही.

मोटर खरोखरच गेली आहे का, हेही त्यांनी आधी पाहिले, याचे मला विशेष कौतुक वाटले. काठीने ढकलल्यावर पंखा पुढे फिरतच राहिला तर दोष बहुधा कॅपॅसिटरचा असतो आणि तो अगदी थोड्या पैशांत बदलता येतो. आमचा पंखा मात्र ढकलल्यावरही दोन-चार फेऱ्यांत थांबत असे, आणि जुन्या मोटरला मल्टीमीटर लावल्यावर एक वाइंडिंग, म्हणजे आतले तारेचे वेटोळे, तुटलेले निघाले. शेतीपंपाच्या मोटरींचे वाइंडिंग नव्याने भरून देणारे आपल्या जिल्ह्यात गावोगावी आहेत, तेव्हा हीही भरून घ्यावी का, असे मी विचारले. या मोटरचे आवरण दाबून बसवलेले असल्याने ते उघडून पुन्हा नीट मध्यावर बसवणे अवघड जाते आणि खर्च नव्या मोटरच्या जवळपास होतो, असे सांगून त्यांनी नको म्हटले. मला ते पटले.

तांब्याच्या वाइंडिंगची आणि बॉल बेअरिंगची नवी मोटर १,६५० रुपयांना मिळाली. नवा कॅपॅसिटर वेगळा घेतला. बसवायला त्यांच्या ओळखीचा मुलगा आला. मुख्य स्विच बंद केल्यावरही त्याने कॅपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय वायरींना हात लावला नाही. पात्याचा नट उलट्या आट्यांचा होता. पहिल्या मेकॅनिकने तो जोर लावून फिरवल्याच्या खुणा तिथे दिसत होत्या. मोटर सुरू झाल्यावर या मुलाने क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजला आणि तो पाटीवरील आकड्याच्या आत असल्याचे मला दाखवले. मे महिन्याच्या भर दुपारीही कॉम्प्रेसर एकदाही बंद पडलेला नाही.

दुकानाविषयी दोन तक्रारी आहेत. वॉरंटी तोंडी सांगतात. बिलावर लिहून द्यायला दोनदा म्हणावे लागले. शिवाय इन्व्हर्टर एसीच्या मोटरी ते ठेवत नाहीत. त्या बहुतेक बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) प्रकारच्या असतात आणि सर्किट बोर्डावरून चालतात, त्यामुळे त्यांच्या जागी साधी मोटर बसत नाही. तशा एसीसाठी मॉडेल क्रमांक देऊन कंपनीकडूनच मोटर मागवावी लागेल. साध्या एसीसाठी मात्र जुनी मोटर सोबत घेऊन याच दुकानात जावे, आणि गर्दी टाळायची असेल तर सकाळी दहाच्या सुमारास पोहोचावे.