'चुंबकीय खुर्ची'चे ५०,२३० रुपये

नुसते खुर्चीत बसून लघवीवरचा ताबा परत मिळतो, ऑपरेशन नाही, सुई नाही, कपडे उतरवायचे नाहीत, अशी जाहिरात करून आमच्या तालुक्याच्या गावी गेल्या वर्षी महिलांसाठी मोफत तपासणी शिबिर भरले आणि त्यातून माझे ५०,२३० रुपये गेले. सिंधुदुर्गात अशी शिबिरे अजून भरत आहेत, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहीत आहे.

मला कोणी अडाणी समजू नये. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून मी निवृत्त झाले आहे. परंतु शिंक आली, खोकला आला, पाण्याची कळशी उचलली की कपडे ओले होतात, हे सख्ख्या बहिणीलाही सांगता येत नाही. त्या भीतीने मी एसटीचा लांबचा प्रवास सोडला होता आणि जत्रेला रात्रभर दशावतार पाहत बसणेही सोडले होते. आधी ज्या डॉक्टरांना विचारले, त्यांनी मान वर न करता "वयोमानाने होतेच, बाई" एवढेच सांगितले. अशा वेळी पांढरा कोट घातलेली एक हसतमुख मुलगी आपला हात हातात घेऊन "काकी, यात लाजण्यासारखे काही नाही" असे म्हणते, तेव्हा विश्वास बसणार नाही तर काय होईल?

पॅकेज वीस सिटिंगचे होते. मूळ किंमत ७२,००० आणि त्याच दिवशी नाव नोंदवल्यास ४०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ७,२०० रुपये लावून एकूण ४७,२०० झाले. ११,२०० रोख घेतले आणि ३६,००० रुपयांचे 'बिनव्याजी' कर्ज माझ्याच मोबाइलवर ओटीपी मागवून तिथल्या तिथे मंजूर करून टाकले. दरमहा ३,००० चे बारा हप्ते. कर्जाची प्रक्रिया फी १,१८० आणि जेलची ट्यूब १,८५०, हे नंतर कळले. पावती गुलाबी होती, तिच्यावर जीएसटीची रक्कम होती आणि जीएसटी क्रमांकाचा रकाना कोरा होता. डॉक्टरांच्या उपचाराच्या बिलावर सहसा जीएसटी लागत नाही, हे पेन्शनर बाईला कोण सांगणार?

पावतीचे एक वेळ जाऊ द्या. जी गोष्ट मला अजून रात्री झोपू देत नाही ती वेगळीच आहे. पहिल्या चाचणीच्या वेळी मी त्या खुर्चीत बसले, तेव्हा गळ्यात मंगळसूत्र होते, हातात पाटल्या होत्या आणि मांडीवर पर्स, पर्समध्ये मोबाइल आणि एटीएम कार्ड. खुर्ची घुं घुं करत थरथरत होती, रेल्वे स्टेशनवरच्या मसाजच्या खुर्चीसारखी, आणि मी शांतपणे मोबाइल काढून मुलाचा मेसेज वाचला. मग त्याच कार्डाने एटीएममधून दहा हजार काढले, घरातले बाराशे घातले आणि नेऊन दिले. खऱ्या चुंबकीय खुर्चीत अशा वस्तू बिघडू शकतात, म्हणून तिच्यावर बसवण्यापूर्वी मोबाइल, घड्याळ, कार्ड, दागिने सगळे बाहेर ठेवायला लावतात, पेसमेकर आहे का, शरीरात धातू आहे का, कॉपर-टी आहे का, हे विचारतात. माझ्या मांडीत फ्रॅक्चरनंतर बसवलेली सळई आहे. मला कोणी काही विचारले नाही. लघवीची तपासणी नाही, साखरेची नाही, त्रास खोकताना होतो की घाई लागल्यावर होतो, हा साधा प्रश्नसुद्धा नाही. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकाइतके चुंबकत्व मलाही येते, पण माणूस आशेवर बसलेला असतो तेव्हा पाठ्यपुस्तक आठवत नाही.

हे सगळे नंतर गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात दाखवले तेव्हा समजले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले की अशी खुर्ची खरोखर असते आणि अमेरिकेत तिला १९९८ मध्ये मान्यता मिळाली आहे. आसनाखालच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र निघते आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळले जातात. ते आवळणे बसणाऱ्याला स्पष्ट जाणवते, नुसता थरथराट होत नाही. तरीही तिच्या परिणामांबद्दलचे निष्कर्ष संमिश्र आहेत आणि पहिला उपचार व्यायामाचाच आहे. केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी तो १९४८ मध्ये मांडला. लघवी आणि वारा रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, सोडायचे, एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने, आणि सुरुवातीला जाणकार फिजिओथेरपिस्टकडून बरोबर करतो आहोत की नाही हे तपासून घ्यायचे. म्हणजे ज्याला जवळजवळ पैसे लागत नाहीत त्याच्यासाठी मी कर्ज काढले!

निम्मी सिटिंगही झाली नव्हती तेव्हा चतुर्थीच्या सुट्टीचा बोर्ड लागला आणि सिटिंग जिथे होत होती तो गाळा पुन्हा उघडला नाही. फोन बंद. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता कापला जातो.

पोलीस ठाण्यात गेले तर समोरच्या हवालदारांनी बाकावर बसलेल्या चार पुरुषांच्या देखत "नेमकी कसली ट्रीटमेंट, बाई?" असे मोठ्याने विचारले. महिला पोलीस आहेत का, म्हटले तर त्या बंदोबस्ताला. मग "पैसे तुम्ही स्वखुशीने दिलेत, ही दिवाणी बाब आहे" असे सांगून अर्ज घ्यायलाही नकार दिला. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचे कलम ३१८ कशासाठी आहे, हे त्यांनाच ठाऊक. सायबर गुन्ह्यांच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला तर व्यवहार समोरासमोर झाला म्हणून तो सायबर गुन्हा नाही म्हणे. आरोग्य विभागाच्या कार्यालयात कळले की ते रुग्णालय नव्हते, त्यामुळे ते त्यांच्या अखत्यारीत नाही. मग शिबिराच्या बॅनरवर गावातल्या पुढाऱ्यांचे फोटो होते ते कोणाच्या अखत्यारीत? कर्ज देणारी कंपनी म्हणते, आमचा करार तुमच्याशी आहे, खुर्चीशी नाही. प्रत्येक टेबलावर मला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले की मला कसला त्रास आहे. हा दंड ५०,२३० च्या हिशेबात धरलेला नाही.

पोलीस अर्ज घेत नसतील तर तोच अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांना रजिस्टर टपालाने पाठवा, कायद्याने तशी सोय आहे, मी पाठवला आहे. वित्त कंपनीकडे तोंडी भांडू नका, लेखी तक्रार करा, तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, क्रमांक १४४४८. आणि शिबिरात कोणालाही ओटीपी सांगू नका, मग तो कितीही गोड बोलो.

ग्राहक आयोगात मी तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. माझ्याबरोबर नाव नोंदवलेल्या काहींना सोबत या म्हणून विनवले, पण घरी कळेल या भीतीने कोणी सही करायला तयार नाही, आणि नेमक्या याच भीतीवर त्या लोकांचा धंदा चालला आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. ज्यांच्याकडे जीएसटी क्रमांकाचा रकाना कोरा असलेली ती गुलाबी पावती असेल, त्यांनी ती फाडून टाकू नये, तिची झेरॉक्स काढावी, कारण त्या कागदाची शाई आतापासूनच उडू लागली आहे.